‘मला मान्य आहे’ : एक परीक्षण

मराठी समीक्षकांनी एका फार मोठ्या वाङ्मयप्रकाराकडे आजवर काणाडोळा केला आहे. त्यांनी कादंबरीवर लिहिलं, नवकवितेवर लिहिलं, ज्या नाटकांकडे नाटककाराच्या घरच्यांशिवाय कुणी फिरकलं नाही त्यांच्यावरही लिहिलं. पण ज्या वाङ्मयाच्या तळाशी आज लाखो लोक रोज ‘मला मान्य आहे’ अशी खूण करतात, त्याचं एकही परीक्षण माझ्या वाचनात नाही. मी सॉफ्टवेअरच्या परवान्याविषयी बोलतोय. बाजारात ज्याला ‘लायसन्स’ म्हणतात आणि ज्याला ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ नावाचा उत्तरार्ध असतो, तो.

समीक्षकांची अडचण मला समजते. परीक्षण लिहायचं तर पुस्तक निदान चाळावं लागतं. मी मात्र हा ग्रंथ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे. वसई ते चर्चगेट आणि परत, अशा तीन दिवसांच्या प्रवासात वाचला. पहिल्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी मान तिरकी करून चार ओळी वाचल्या आणि अंधेरी येईपर्यंत ते झोपी गेले. वाङ्मयाची ताकद अशी असते.

माझी समीक्षेची पात्रता काय, असं कुणी विचारील. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी लोकांपुढे कर्जाचे कागद सरकवतो आणि पेन्सिलीने फुल्या मारून ‘इथे, इथे आणि इथे’ असं सांगतो. बारीक टायपाशी माझा परिचय कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त आहे.

हे वाचन माझ्यावर आलं ते भाच्यामुळे. भाचा थेट प्रक्षेपणाचा धंदा करतो. हल्ली आमच्या वसई-विरारकडे लग्न असो, चर्चचा सण असो, कबड्डीचा अंतिम सामना असो की गणपतीचं विसर्जन, थेट प्रक्षेपण हवंच. कारण समारंभ इथे आणि निम्मी माणसं आखातात नाहीतर कॅनडात. २०२० च्या टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद झाले आणि मिस्सा घरोघरच्या पडद्यांवर आली, तेव्हापासून तर आमच्या आज्यासुद्धा ‘लाइव्ह आहे का रे?’ असं विचारतात. एकेकाळी जे काम करायला वरळीच्या दूरदर्शन केंद्रात खोल्याच्या खोल्या यंत्रं लागत, ते आता टेम्पोत मांडलेला एक लॅपटॉप करतो. तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रं त्यात येतात, हवं ते पुढे करायचं, खाली नावाची पट्टी लावायची, आवाज जुळवायचा आणि एकीकडे इंटरनेटवर, दुसरीकडे मांडवातल्या मोठ्या पडद्यावर सोडायचं. हे सगळं ज्याच्या जोरावर होतं त्या सॉफ्टवेअरसाठी भाच्याने चांगले पैसे मोजले होते. पैसे मोजताना त्याने मला एवढंच विचारलं, “मामा, याच्यावर जीएसटी पण लागतो?” लागतो. अठरा टक्के.

आता ग्रंथाकडे वळू.

कथावस्तू. या ग्रंथाची कथावस्तू एका वाक्यात सांगता येते. तुम्ही काहीही विकत घेतलेलं नाही. पहिल्याच प्रकरणात लेखक हे सांगून टाकतो आणि पुढची पन्नास प्रकरणं तो तेच निरनिराळ्या शब्दांत पटवून देतो. तुम्हाला मिळाली आहे ती वापरण्याची परवानगी. ती तुमची एकट्याची आहे, दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, आणि लेखकाच्या मनात आलं तर ती परतही घेता येते. परवानगी परत घेतल्यावर पैसे परत येतात का, या प्रश्नाकडे लेखकाने संयमाने पाठ फिरवली आहे.

माझ्यासारख्या हिशोबनिसाला इथेच पहिला ठसका लागतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सांगितलं की दुकानात मिळणारं तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, म्हणून त्यावर विक्रीकर लागतो. पुढे मार्च २०२१ मध्ये आयकराच्या एका मोठ्या खटल्यात त्याच न्यायालयाने परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरपोटी दिलेले पैसे स्वामित्वधन धरले नाहीत. ती मालाचीच खरेदी, असं ठरवलं. म्हणजे सरकार दारात आलं की सॉफ्टवेअर हा माल होतो आणि गिऱ्हाईक दारात आलं की ती नुसती परवानगी होते. आमच्या खात्यात एकच रक्कम एका बाजूने जमा आणि दुसऱ्या बाजूने गायब दाखवली तर ऑडिटर ताबडतोब चहा नाकारतो.

भाच्याच्या छोट्या कर्जाच्या वेळी हे फारच स्पष्ट झालं. कॅमेरे तारण घेता येतात, लॅपटॉप घेता येतो, फार काय, तिपाया आणि वायरींची भेंडोळीही यादीत धरता येतात. सगळ्यांत महागातलं लायसन्स मात्र तारण म्हणून कवडीमोल. उद्या जप्तीची वेळ आली तर बँक ते विकणार कुणाला? जी वस्तू जप्तसुद्धा करता येत नाही तिला मालमत्ता म्हणायला आमचा व्यवसाय अजून शिकलेला नाही.

पात्रचित्रण. ग्रंथात पात्रं दोनच. एक ‘तुम्ही’, आणि दुसरा सर्व्हर. जुन्या नाटकांत एक कोकणातले काका असायचे. ते रंगमंचावर कधी येत नसत, पण त्यांच्या पत्रावर सगळ्या नाटकाचं भवितव्य टांगलेलं असे. सर्व्हर हे तसं पात्र आहे. तो कुठे राहतो हे ठाऊक नाही, त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण त्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा अंक सुरू होत नाही.

त्याची कामाची रीत मी समजून घेतली आहे. पैसे भरले की तुम्हाला आकड्या-अक्षरांची एक लांबलचक किल्ली मिळते. ती टाकली की प्रोग्राम आधी तुमच्या संगणकाचे अवयव चाचपतो. मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांचे क्रमांक घेऊन तो त्यांचा एक ठसा तयार करतो. किल्ली आणि ठसा मिळून सर्व्हरकडे जातात. सर्व्हर आपल्या वहीत बघतो, ही किल्ली आधी कुणी वापरली आहे का, किती यंत्रांवर. पसंत पडलं तर सही केलेली चिठ्ठी परत पाठवतो आणि ती तुमच्या संगणकात जपून ठेवली जाते. काही प्रोग्राम तेवढ्यावर समाधान मानतात. काही दर महिन्याला विचारतात. काहींना तर उघडताना दर वेळी विचारावंसं वाटतं, की तुम्ही तेच ना? विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तिच्याबरोबर ही चाल घरोघर पोचली आणि आता अंगवळणी पडली आहे.

बँकेच्या भाषेत याला नमुना सही म्हणतात. चेकवरची सही नमुन्याशी जुळली पाहिजे, यात मला काहीच वावगं दिसत नाही. पण समजा खातेदाराचा हात मोडला आणि प्लास्टरमुळे सही जुळेना, तर आम्ही त्याला चष्म्यावरून बघतो, ओळखतो, ‘बसा, चहा घ्या’ म्हणतो आणि अंगठ्याचा फॉर्म काढतो. सर्व्हरला चष्मा नाही आणि चहाही नाही.

संघर्ष. ग्रंथाचा खरा कस इथे लागतो. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी भाच्याच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने तो रात्री बदलून दिला, लॅपटॉप सुरू झाला, सगळ्या फायली जागच्या जागी. शनिवारी दुपारी चारला चर्चमधलं लग्न. नवऱ्याचा सख्खा भाऊ कुवेतला, त्याला रजा मिळालेली नाही. तो आणि त्याच्या खोलीतले सहा जण टीव्हीसमोर बसणार. भाच्याने सॉफ्टवेअर उघडलं. सॉफ्टवेअरने अवयव चाचपले आणि सांगितलं की हा माणूस तो नव्हे. किल्लीचा कोटा संपला आहे, जुन्या यंत्रावरून ती आधी सोडवून घ्या. जुनं यंत्र म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या टेबलाखालच्या खोक्यातला जळका मदरबोर्ड. त्याच्याकडून काही सोडवून घेणं हे सावित्रीलाच जमलं असतं.

तोवर सॉफ्टवेअरने दुसरी कामगिरी सुरू केली होती. चित्र दाखवायला ते तयार होतं, पण चित्रावर आडवी पट्टी मारून. पट्टीचा मजकूर असा होता की लग्नाच्या पाहुण्यांनी तो वाचला असता तर त्यांना वाटलं असतं, नवरी बिनपरवान्याची आहे.

भाच्याने कंपनीला ई-मेल केली. क्षणात उत्तर आलं. उत्तरात लिहिलं होतं की आपला संदेश आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो आणि दोन कामकाजाच्या दिवसांत आम्ही उत्तर देऊ. त्या देशात तेव्हा शुक्रवार संपत आला होता. भाचा माझ्याकडे आला. “मामा, हे लोक सोमवारी उठणार.” मी म्हटलं, “फोन?” तो म्हणाला, “फोन नाही. चौकट आहे. चौकटीत लिहायचं.” आमच्या बँकेविषयी लोक काय वाटेल ते बोलतात, पण रागावून धडकायला आमचं काउंटर तरी आहे.

या ठिकाणी एक आक्षेप येतो, तो मीच मांडतो. थेट प्रक्षेपणाला इंटरनेट लागतंच, मग इंटरनेटवरून एवढीशी ओळख पटवायला काय बिघडतं? बिघडतं ते असं, की भाच्याचं इंटरनेट ठणठणीत होतं. अडचण तारेची नव्हतीच. पलीकडे विचार करणारं कुणी नव्हतं, ही अडचण होती. शिवाय मांडवातला पडदा आणि लग्नाचं रेकॉर्डिंग यांना इंटरनेटची गरज नसते, पण परवानगी नाही म्हटल्यावर तेही अडतात. आणि ‘जोडणी कायम असते’ हे ज्याने गृहीत धरलं, त्याने जुलै २०१८ ची वसई पाहिली नसावी. तेव्हा रुळांवर पाणी होतं, लोकल बंद होत्या, वीज गेलेली होती. अशा वेळी कुणी चार्ज उरलेल्या लॅपटॉपवर पुराचं चित्रण जोडायला बसला असता, तर त्याने आधी कुठल्या सर्व्हरला आपली ओळख सांगायची?

पूर्वसूरी. कुठल्याही वाङ्मयाचं मूल्यमापन परंपरेच्या संदर्भात करावं, असं म्हणतात. परवान्याच्या बाबतीत आमची वसई काही आजची नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीज होते, आणि समुद्रावरच्या जहाजांना ते ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देत. जहाजाचं नाव, तांडेल कोण, माल काय, जाणार कुठे, सगळं त्यात. वाटेत त्यांच्या बंदरात जकात भरायची आणि अडवलं की कागद दाखवायचा. कागद नसला तर जहाज जप्त. समुद्र त्यांनी बांधलेला नव्हता, पण परवानगी त्यांची.

गंमत पुढेच आहे. १६१३ साली पोर्तुगीजांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ नावाचं जहाज पकडून नेलं. जहाज जहांगीर बादशहाच्या आईचं आणि त्यावर कार्ताझ होता. रीतसर, पैसे भरलेला. अ‍ॅक्टिव्हेशन नाकारलं गेल्याचं या किनाऱ्यावरचं जुनं उदाहरण म्हणून मी त्याची नोंद करतो. जहांगीराने सुरतेचा पोर्तुगीज व्यापार थांबवला आणि दमणवर फौज पाठवली. आमच्या भाच्याकडे फौज नव्हती, म्हणून त्याने ई-मेल केली.

जाता जाता शब्दाचाही विचार करू. परवान्याशिवाय सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला इंग्रजीत ‘पायरेट’ म्हणतात, म्हणजे समुद्रावरचा चाचा. आमच्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत, कारण ते कोकण किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक देऊ लागले होते. चाचा कोण हे पुष्कळदा परवाने छापायचा ठसा कुणाकडे आहे यावर ठरतं.

दुसरा पूर्वसूरी आमच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडतो. रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक. तरुण वाचकांना खरं वाटणार नाही, पण एकेकाळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा त्यामागे उभे होते. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. टीव्ही आल्यावर त्याचे पन्नास. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने हे प्रकरण गुंडाळलं. तोवर ‘वायरलेस इन्स्पेक्टर’ नावाचा माणूस दारात येऊन पुस्तक बघू शकत असे आणि पुस्तक नसलं तर दंड, क्वचित रेडिओही जप्त.

वाङ्मय म्हणून हे पुस्तक सामान्य आहे. पण एक गुण त्यात होता. आजोबांच्या पुस्तकात एका वर्षाची जागा कोरी आहे. त्या वर्षी पैसे राहिले. बाबा सांगतात, त्या वर्षीही रेडिओ तसाच वाजत होता. बिनाका गीतमालेच्या मध्येच थांबून त्याने ‘आधी पंधरा रुपये’ असं म्हटलं नाही. चौकशी करणं इन्स्पेक्टरचं काम होतं आणि गाणं रेडिओचं. घरात विकत आणलेली वस्तू मालकाची चहाडी करत नसे. इन्स्पेक्टर यायचा तो दिवसाउजेडी, चपला काढून, नाव-गाव असलेला माणूस म्हणून. त्याच्याशी वाद घालता येत असे, आणि तो चुकला तर पोस्टमास्तरकडे जाता येत असे.

रोजचंच उदाहरण घ्यायचं तर विरार फास्ट घ्या. पास काढणं आपलं काम, तपासणं टीसीचं, धावणं गाडीचं. टीसीला संशय आला तर तो तुम्हाला बोरिवलीला उतरवतो. गाडी उभी करून सगळ्या डब्याला ‘तुम्ही तेच ना?’ असं विचारत नाही. आणि पास खिशात असताना कुणी उतरवलं, तर विरारच्या गाडीत त्याचं काय होतं हे मी सांगायला नको.

दुसरी बाजू. समीक्षकाने लेखकाची बाजूही पाहिली पाहिजे. फुकट्यांचा प्रश्न खोटा नाही. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. तिचा मोठा आधार होता दहा रुपयांची परवाना फी. परवाने पुरेसे निघाले नाहीत आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. ऐकणारे हवेतलं गाणं फुकट समजले तर गाणाऱ्याची चूल पेटत नाही. लॅमिंग्टन रोडवर एके काळी सगळं ज्ञान एका सीडीत, वडापावच्या भावात मिळत होतं, हे मुंबईकराला सांगायची गरज नाही. चार-पाच माणसांची छोटी कंपनी वर्षानुवर्षं खपून सॉफ्टवेअर बनवते. तिने कुलूप लावू नये असं मी म्हणणार नाही. कुलूप आमच्याही तिजोरीला आहे.

पण कुलपाच्या तऱ्हा असतात. ‘श्री-लिपी’ घेऊन पत्रिका आणि दिवाळी अंक जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांना संगणकाच्या पाठीत खोचायचा एक छोटा ठोकळा मिळत असे. तो खोचला की काम सुरू. ठोकळा हरवला तर पंचाईत, हे खरं. पण तो तुमच्या ड्रॉवरमध्ये असे, पुरात आणि रविवारीसुद्धा. आजही ‘दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओ’ या चित्रसंकलनाच्या सॉफ्टवेअरला तसा ठोकळा चालतो, किंवा एक किल्ली दोन संगणकांवर वापरता येते. अ‍ॅडोबी कंपनीने २०१३ मध्ये विक्री बंद करून वर्गणी सुरू करण्याचं जाहीर केलं म्हणून लोक तिच्यावर रागावले, आणि मीही त्या रागात सामील आहे. पण वर्षाची वर्गणी भरणाऱ्याला तिने ९९ दिवसांपर्यंत इंटरनेटविना काम चालवायची मुभा ठेवली. आणि त्याच वर्षाच्या आरंभी, आपल्या एका जुन्या संचाचा सर्व्हर बंद करताना, सर्व्हरला विचारावंच लागणार नाही अशी त्याची आवृत्ती जुन्या गिऱ्हाइकांसाठी काढून ठेवली. दुकान बंद करताना किल्ली पायपुसण्याखाली ठेवून जाणं, याला मी सभ्यता म्हणतो.

तपासणाराही चुकू शकतो, हे मात्र यातले फार थोडे लेखक धरून चालतात. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरवर कुणीतरी अजून तयार न झालेला प्रोग्राम चुकून चढवला, आणि सुमारे १९ तास तो पैसे भरलेल्या विंडोजला नकली ठरवत होता. कंपनी म्हणाली, बारा हजारांहून कमी यंत्रांना त्रास झाला. मी त्या बारा हजारांतल्या एकाचा विचार करतो. रात्री काम करायला बसलेला, पावती फायलीत लावलेली, आणि यंत्र त्याला चोर म्हणतंय. पावती दाखवायची कुणाला?

आमच्याकडे नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची जत्रा भरते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं. २०१४ पासून ते बोटाच्या ठशावर, ‘जीवन प्रमाण’ नावाने संगणकावरही होतं. वाचकहो, हे अ‍ॅक्टिव्हेशनच आहे! पण त्यातला समजूतदारपणा बघा. विचारायचं वर्षातून एकदा. ऐंशीच्या पुढच्यांना २०१९ पासून महिनाभर आधीच, म्हणजे ऑक्टोबरातच दारं उघडी. आणि म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, ठसा उमटत नाही, तेव्हा ‘आपण हयात नाही’ असं सांगून आजोबांना घरी पाठवत नाहीत. कागदी फॉर्म काढतात. समोर उभा राहून खोकणारा माणूस जिवंत आहे, एवढा निर्णय आमच्यातला नवखा कारकूनही स्वतःच्या अखत्यारीत घेतो.

या सगळ्या परीक्षणाचा मुद्दा तेवढाच आहे. तपासणी करा, पण ती कधीतरी चुकणार हे धरून चाला, आणि चुकेल तेव्हा नुकसान कुणाच्या माथी, ते आधी ठरवा. आज ते पैसे भरणाऱ्याच्या माथी आहे. खरा फुकट्या तपासणीच काढून टाकलेली प्रत वापरतो; त्याला पट्टी दिसत नाही, शनिवारही आड येत नाही. पट्टी दिसते ती पावतीवाल्याला. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा असं कायदा सांगतो. इथे तर गिऱ्हाईक आरोपीसुद्धा नाही.

म्हणून पुढच्या आवृत्तीसाठी लेखकमहाशयांना माझ्या चार सूचना. एक, ओळख एकदाच विचारा. फिरून विचारायचीच असेल तर उत्तर द्यायला महिना-दोन महिने द्या, आणि चालू कार्यक्रमाच्या मध्ये कधीही विचारू नका. दोन, सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर गिऱ्हाईक खरं धरा. तीन, धंदा बंद करताना किल्ली मागे ठेवा. चार, भाड्याने देत असाल तर ‘विकत घ्या’ असं लिहू नका. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून हे कायद्यानेच सांगितलं आहे: मिळतोय तो नुसता परवाना, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळवल्याशिवाय डिजिटल मालावर ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. आमच्याकडे पागडीची खोली आणि मालकीची खोली यांतला फरक शेंबडं पोरही जाणतं. तो कागदावर यायला काय हरकत आहे?

लग्नाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. भाच्याने शुक्रवारची रात्र जागून ‘ओबीएस’ नावाचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. ते २०१२ पासून आहे, फुकट आहे, त्याचा मूळ मजकूर कुणालाही वाचायला खुला आहे, आणि ते कुणाचे अवयव चाचपत नाही. नावाच्या पट्ट्या पूर्वीसारख्या झोकदार जमल्या नाहीत, आणि फादरच्या प्रवचनात आवाज मिनिटभर गेला. पण नवरा-नवरीने अंगठ्या घातल्या ते कुवेतच्या सातही जणांनी बघितलं, आणि मधे आडवी पट्टी नव्हती. कंपनीचं उत्तर मंगळवारी आलं. त्यांनी किल्ली मोकळी करून दिली आणि त्यांच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असं विचारलं. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही द्या. तुम्ही पूर्ण वाचलंय.”

भाषाशैलीसाठी मी एक तारा देतो. एवढं दीर्घ वाक्य श्वास न घेता लिहिणं सोपं नाही. छपाईला काही नाही, टाइप फार बारीक आहे. उरलेले चार तारे मी सध्या राखून ठेवले आहेत. लेखकाने वरच्या चार सूचना अमलात आणल्या की ते सुरू होतील. त्यासाठी दोन कामकाजाचे दिवस लागतील.